खरें धन : संत गोन्सालो गार्सिया ह्यांचें चरित्र

आपल्या देवालयाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेंत कांहीं तरी लिहावें, अशी विनंती महोत्सव-समितीच्या मंडळींनीं आम्हांस केली, तेव्हां आमच्या मनांत प्रथम घोळूं लागला तो सुवर्ण हा शब्दच. पन्नास वर्षांच्या काळाला आपण सोन्याचें नांव देतों. त्या काळांत उभारलेली वेदी, मनोरा, शाळेची इमारत, ह्यांची मोजदाद करणें सोपें आहे, आणि तसें करण्यांत गैर कांहींच नाहीं. कारण तीं आपल्या वाडवडिलांच्या घामाचीं फळें आहेत. परंतु धर्मग्राम श्रीमंत कशानें होतो, हा प्रश्न त्या मोजदादीनें सुटत नाहीं.

हा प्रश्न आम्ही उगाच उपस्थित करीत नाहीं. आपल्या ह्या वसई प्रांतांत गेल्या कांहीं दशकांत पैसा पुष्कळ आला. जेथें केळीच्या बागा व पानवेली होत्या, जेथें पहांटे रहाटाचा आवाज ऐकूं येई, तेथें आज चार-पांच मजली घरें उभीं आहेत. नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठीं आम्हांस बोलावणें येतें. आम्ही आनंदानें जातों. परंतु पुष्कळदां असें दिसतें कीं, घर नवें, फरशी नवी, आणि शेजारच्याच उंबऱ्यांत राहणारा सख्खा भाऊ मात्र त्या आशीर्वादाला आलेला नसतो. वाडी विकली गेली, वांटणी झाली, आणि वांटणीबरोबर बोलणेंही संपलें. अशा घरांत पवित्र पाणी शिंपडतांना आमचा हात जड होतो. हें घर भरलें कीं रितें झालें, असा प्रश्न मनाला पडतो.

ह्या प्रश्नाचें उत्तर आम्ही पुस्तकी शब्दांनीं देऊं इच्छित नाहीं. आपल्याच मातींत जन्मलेल्या, व्यापारांत धन मिळविलेल्या आणि तें हातचें धन सोडून त्याहून मोठें धन जोडलेल्या एका पुरुषाचें चरित्र आम्ही येथें सांगतों. ते पुरुष म्हणजे वसईचे संत गोन्सालो गार्सिया. त्यांचें नांव आपल्या प्रत्येकाच्या ओठांवर आहे. परंतु ते एके काळीं यशस्वी व्यापारी होते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते.

गोन्सालो ह्यांचा जन्म सुमारें १५५६ सालीं वसई येथें झाला. १५३४ सालीं गुजरातच्या सुलतानानें वसई पोर्तुगीजांच्या हवालीं केली होती, आणि त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांत ह्या बंदराचें वैभव झपाट्यानें वाढलें होतें. त्यांचे वडील पोर्तुगीज शिपाई होते, व आई ह्याच भागांतील. म्हणजे ह्या बालकाच्या कानांवर पाळण्यांतच दोन भाषा पडल्या. राजवटीच्या दृष्टीनें हा मुलगा ना धड इकडचा, ना धड तिकडचा. मोठ्या घराण्याचा मान त्यास नव्हता. परंतु येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं वसईच्या कोटांत विद्यालय चालविलें होतें. तेथें त्यास शिक्षण मिळालें, प्रार्थनेची गोडी लागली, आणि धर्मगुरूंच्या सहवासांत दूरदेशींच्या मिशनकार्याच्या गोष्टी ऐकावयास मिळाल्या. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांनीं १५४९ सालीं जपानांत पाऊल ठेविलें होतें. त्या देशाचें नांव तेव्हां प्रत्येक उत्साही मुलाच्या तोंडीं असल्यास नवल नाहीं.

वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीं गोन्सालो येशूसंघाच्या धर्मगुरूंबरोबर गलबतांत बसून जपानला गेले. आजच्या काळांत आपलीं मुलें आखातांत व परदेशीं नोकरीला जातात, तेव्हां आईच्या डोळ्यांना पाणी येतें. मग ज्या काळीं असा प्रवास अनेक महिन्यांचा असे आणि गेलेलें गलबत परत येईलच ह्याची शाश्वती नसे, त्या काळीं त्या वसईकर माउलीच्या मनाची काय स्थिति झाली असेल, ह्याची कल्पना आमच्या माताभगिनींनीं करावी.

जपानांत गोन्सालो ह्यांनीं तेथील भाषा आत्मसात केली. ती भाषा परकीयांना फार कठीण जाते. बोलणाराचा व ऐकणाराचा दर्जा पाहून तींत शब्द बदलावे लागतात. ह्या तरुणास मात्र ती मातृभाषेप्रमाणें बोलतां येऊं लागली. सुमारें आठ वर्षें त्यांनीं तेथें धर्मशिक्षकाचें काम केलें. मुलांना शिकवावें, रोग्यांजवळ बसावें, धर्मगुरूंचें बोलणें लोकांना समजावून द्यावें, असा त्यांचा दिनक्रम. येशूसंघांत प्रवेश मिळावा, ही त्यांच्या अंतःकरणांतील एकच इच्छा होती. परंतु ती सफळ झाली नाहीं. त्यांनीं वाट पाहिली, आशा धरली, आणि शेवटीं निराश मनानें ते त्या कार्यांतून बाहेर पडले.

येथें आम्ही वाचकांस क्षणभर थांबण्याची विनंती करतों. ज्यानें तारुण्याचीं उत्तम वर्षें देवाच्या कामीं खर्च केलीं, आणि ज्यास देवाच्या घरचा दरवाजा उघडलेला दिसला नाहीं, अशा माणसाच्या मनांत कडवटपणा येणें स्वाभाविक आहे. अशा वेळीं कित्येकजण देवालयाकडे पाठ फिरवितात. गोन्सालो ह्यांनीं तसें केलें नाहीं. ते व्यापारांत शिरले.

त्या काळचा पूर्व समुद्रावरील व्यापार म्हणजे सोन्याची खाणच होती. चीनचें रेशीम मकाव बंदरांतून जपानांतील नागासाकीस जाई, आणि त्याच्या मोबदल्यांत जपानची चांदी बाहेर येई. चीनच्या बादशहानें जपानी लोकांशीं थेट व्यापार बंद केला असल्यामुळें मध्यस्थ व्यापाऱ्यांना मोठा नफा मिळत असे. अशा धंद्यांत भाषा जाणणारा, बंदरें ओळखणारा आणि शब्दाला जागणारा माणूस लवकर वर येतो. गोन्सालो ह्यांच्या अंगीं हे तिन्ही गुण होते. त्यांची पेढी भरभराटीस आली, निरनिराळ्या ठिकाणीं त्यांचा व्यवहार पसरला, आणि वसईच्या एका शिपायाचा मुलगा तिशीच्या आंतच सुखवस्तु व्यापारी म्हणून ओळखला जाऊं लागला.

ख्रिस्तसभेनें व्यापाराला कधीं पाप म्हटलेलें नाहीं. देवानें आब्राहामाला गुरेंढोरें व सोनेंरुपें दिलें. आरिमथाईचा योसेफ श्रीमंत होता, म्हणूनच त्याच्या कबरेंत प्रभूचें पवित्र शरीर ठेवण्यास जागा मिळाली. जक्कयाची तिजोरी भरलेली होती. त्याच्या घरीं तारण आलें तें त्यानें ती उघडली तेव्हां. प्रभु येशूनें दोष दिला तो कोठारें बांधणाऱ्या त्या शेतकऱ्याच्या कोठारांना नव्हे, तर आपल्या जीवालाही आपण त्या कोठारांत कुलूप लावून ठेवूं शकूं, ह्या त्याच्या समजुतीला. दाराशीं पडलेला लाजरस ज्यास दिसला नाहीं, त्या धनवानाचा अपराध त्याच्या तलम वस्त्रांत नव्हता. त्याच्या आंधळेपणांत होता. धन हें चाकर म्हणून उत्तम. धनी म्हणून त्याच्याइतका निर्दय दुसरा नाहीं.

गोन्सालो ह्यांच्या चरित्राकडे आम्ही असेंच पाहतों. त्यांनीं धन मिळविलें. परंतु धनानें त्यांना मिळविलें नाहीं. व्यापाराच्या निमित्तानें ते फिलिपाईन बेटांतील मनिला शहरीं गेले. तेथें त्यांची गांठ फ्रान्सिस्कन संघाच्या साधूंशीं पडली. असीसीचे संत फ्रान्सिस हे स्वतः कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचे पुत्र. बापाच्या पेढीवर वाढलेले, आणि बापानें दिलेलीं वस्त्रेंही परत करून देवाचे भिकारी झालेले. त्या संताच्या अनुयायांत ह्या रेशमाच्या व्यापाऱ्यास आपलें हरवलेलें घर सांपडलें. त्यांच्याकडे गांठीला पैसा नव्हता, पायांत धड वहाण नव्हती. परंतु महारोग्यांच्या जखमा धुण्यास त्यांचे हात मोकळे होते.

सुमारें १५८७-८८ च्या सुमारास गोन्सालो ह्यांनीं आपला व्यापार सोडला आणि फ्रान्सिस्कन संघांत ब्रदर म्हणून व्रतें घेतलीं. धर्मगुरुपद त्यांनीं स्वीकारलें नाहीं. संघांतील सर्वांत साध्या सेवकाची जागा त्यांनीं पत्करली. शुभवर्तमानांतील श्रीमंत तरुण आपली मालमत्ता आठवून खिन्न मनानें परत गेला. वसईच्या ह्या तरुणासही तोच प्रश्न पडला होता, आणि त्याच्यापाशींही सोडण्यासारखें पुष्कळ होतें. फरक एवढाच कीं हा परत फिरला नाहीं.

परंतु त्यांनीं सर्व कांहीं टाकलें, असें म्हणणेंही बरोबर नव्हे. पैसा त्यांनीं सोडला; बालपणापासून जोडलेली विद्या सोडली नाहीं. जपानी भाषा, तेथील रीतिरिवाज, समुद्रप्रवासाचें धैर्य, माणसें पारखण्याची व्यापाऱ्याची नजर, ही सारी पुंजी त्यांनीं देवाच्या पायांशीं ठेविली, आणि देवानें ती थोड्याच अवधींत वापरावयास घेतली. आपल्यापैकीं कोणी हिशेबनीस आहेत, कोणी गवंडी, कोणी शिक्षक, कोणी परिचारिका. देव पैशाआधीं हें धन मागत असतो, हें आपण विसरूं नये.

त्या वेळीं जपानची सत्ता टोयोटोमी हिदेयोशी ह्याच्या हातीं होती. हा पुरुष हलक्या कुळांत जन्मला, पराक्रमानें चढत चढत साऱ्या देशाचा स्वामी झाला. त्याच्या वैभवाला सीमा नव्हती. चहापानासाठीं त्यानें सोन्यानें मढविलेली एक खोली तयार करविली होती. ती उचलून कोठेंही नेतां येत असे, आणि तींतील भांडींही सोन्याचींच. १५८७ सालींच त्यानें ख्रिस्ती धर्मगुरूंनीं देश सोडावा असा हुकूम काढला होता. परंतु त्याची अंमलबजावणी शिथिल होती. पुढें तो फिलिपाईनकडे धमकीचीं पत्रें पाठवूं लागला, तेव्हां तेथील स्पॅनिश गव्हर्नरनें फ्रान्सिस्कन धर्मगुरु पेद्रो बाप्तिस्ता ह्यांस वकील म्हणून धाडण्याचें ठरविलें. दुभाष्या पाहिजे होता. ब्रदर गोन्सालो ह्यांची निवड झाली.

१५९३ सालीं ही मंडळी जपानांत पोहोंचली. क्यूशू बेटावरील नागोया येथील छावणींत कोरियावरील स्वारीची धामधूम चालली असतां हिदेयोशीनें त्यांची भेट घेतली. एका बाजूला सोन्याच्या खोलींत चहा पिणारा सत्ताधीश, आणि दुसऱ्या बाजूला जाडीभरडी कफनी व कमरेला दोर बांधलेला वसईचा ब्रदर, त्याच्याशीं त्याच्याच भाषेंत, योग्य मर्यादा राखून, परंतु निर्भयपणें बोलत आहे. ह्या दोघांत श्रीमंत कोण, ह्याचा निर्णय त्या दिवशीं जगानें सहज दिला असता. तो निर्णय किती काळ टिकला, हें पुढें दिसून येईल.

राजधानी क्योटो येथें राहण्याची परवानगी साधूंस मिळाली. तेथें त्यांनीं १५९४ सालीं एक लहानसें देवालय उभारलें, आणि त्याच्या जवळच गोरगरीब व महारोगी ह्यांच्यासाठीं रुग्णालयें चालविलीं. त्या काळीं महारोग्यास जवळ करणारा कोणी नव्हता. घरच्यांनींही त्यास टाकून द्यावें अशी रीत. अशांना साधूंनीं आंत घेतलें, अन्न दिलें, औषध दिलें. त्यांच्या घराची चूल, बाजारहाट, भाषेची अडचण, हें सारें सांभाळणाऱ्यांत आपले गोन्सालो होते. ज्या हातांनीं कधीं काळीं चांदी तोलली, त्याच हातांत आतां गरिबांची सेवा आली होती.

मग १५९६ साल उजाडलें. त्या वर्षीं मनिलाहून मेक्सिकोस जाण्यास निघालेलें सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश गलबत वादळांत सांपडलें आणि ऑक्टोबर महिन्यांत जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागून फुटलें. त्यांत फार मोठा किमती माल होता. कोरियाच्या युद्धानें हिदेयोशीचा खजिना पोखरला होता. त्याच वर्षीं झालेल्या भयंकर भूकंपानें त्याचा फुशिमीचा किल्ला जमीनदोस्त केला होता. फुटलेल्या गलबतांतील माल त्याच्या अधिकाऱ्यांनीं जप्त केला. गलबतावरच्या एका खलाशानें स्पेनच्या राजाचें सामर्थ्य मोठें दाखविण्यासाठीं फुशारकीचे शब्द काढले, आणि त्यावरून धर्मगुरु हे परकीय सैन्याचे हेर असल्याचा संशय उठला, असें सांगतात. तें कसेंही असो. फुटक्या गलबतांतील संपत्तीच्या वादांतून निरपराध साधूंवर मरणाचा प्रसंग आला, ही गोष्ट इतिहासानें नमूद केलेली आहे. ज्यांच्यापाशीं एक कवडी नव्हती, त्यांच्या प्राणांवर हा वाद येऊन कोसळला. धनाचा लोभ मनुष्याला कोठवर नेतो, ह्याचें ह्याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

डिसेंबर १५९६ मध्यें क्योटो व ओसाका येथील साधूंच्या घरांवर पहारे बसले. जानेवारी १५९७ च्या आरंभीं कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यांत आली आणि त्यांस गाड्यांवर बसवून शहरांतून धिंड काढण्यांत आली. नंतर भर हिंवाळ्यांत, बर्फाळ वाटेनें, त्यांना नागासाकीपर्यंत सुमारें एक महिना चालविलें. निघतांना ते चोवीस होते. वाटेंत त्यांची सेवा करणारे दोन ख्रिस्ती गृहस्थ स्वखुषीनें त्यांत सामील केले गेले, आणि संख्या सव्वीस झाली. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते, पाउल मिकी व त्यांचे दोन सोबती असे तीन येशूसंघाचे होते, आणि बाकीचे सतरा जपानी संसारी ख्रिस्ती होते. त्यांतील लुदोविक इबाराकी हा तर अवघा बारा वर्षांचा.

येशूसंघ आणि फ्रान्सिस्कन संघ ह्यांच्यांत त्या काळीं जपानांतील कार्याबाबत मतभेद होते, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु नागासाकीच्या वाटेवर ते एकाच दोरानें बांधले गेले. आणि जो संघ तरुणपणीं गोन्सालो ह्यांना लाभला नाहीं, त्या संघाचे तीन पुत्र मरणाच्या वाटेवर त्यांचे सहप्रवासी झाले. देवाच्या घरीं कोणाची इच्छा फुकट जात नाहीं.

५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीजवळील निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस तयार होते. त्या समयाचा वृत्तांत सांगतो कीं, टेकडीवर प्रथम पोहोंचणाऱ्यांत ब्रदर गोन्सालो होते. आपला क्रूस कोणता, हें त्यांनीं विचारून घेतलें आणि तेथें गुडघे टेकून त्याला मिठी मारली. क्रुसावर त्यांस लोखंडी कड्यांनीं व दोरांनीं जखडण्यांत आलें, आणि शेवटीं भाल्यांनीं त्यांच्या बरगड्या भेदण्यांत आल्या. त्यांचें वय तेव्हां चाळिशीच्या आसपास होतें. व्यापार चालू ठेविला असता, तर त्या वयांत एखादा सुखी सावकार म्हणून ते वसईस परत आले असते, कोटांत मोठा वाडा बांधला असता, आणि आज त्यांचें नांव कोणासही ठाऊक नसतें.

आतां दोन्ही वह्यांची बाकी काढून पाहूं.

हिदेयोशी दुसऱ्याच वर्षीं, १५९८ सालीं, मरण पावला. त्याचा वारस अवघा पांच वर्षांचा होता. १६१५ सालीं ओसाकाचा किल्ला पडला, तो पुत्रही तेथेंच मेला, आणि त्या घराण्याचा अंत झाला. सोन्याची ती खोली नाहींशी झाली. खुद्द आपल्या वसईचें पोर्तुगीज वैभवही राहिलें नाहीं; १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं कोट जिंकला, आणि तेथील देवालयांच्या घंटा दूरदूर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरांत आणि वाईजवळच्या मेणवलीस त्या आजही लोकांस दाखवितात. कोटांतील भिंतींवर आतां पिंपळ उगवले आहेत.

उलट बाजूस, ज्यानें सर्व सोडलें त्याचें काय झालें? १६२७ सालीं पोप आठवे अर्बन ह्यांनीं ह्या सव्वीस हुतात्म्यांना धन्यवादित म्हणून जाहीर केलें, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस ह्यांनीं त्यांना संतपद दिलें. भारतांत जन्मलेल्यांपैकीं संतपदास पोहोंचलेले पहिले ते आपले गोन्सालो. त्यानंतर थोड्याच वर्षांत नागासाकींत ह्या सव्वीस संतांच्या नांवानें देवालय बांधलें गेलें. मार्च १८६५ मध्यें कांहीं गरीब खेडूत त्या देवालयांत आले आणि आपणही त्याच श्रद्धेचे आहोंत, असें त्यांनीं हळूंच धर्मगुरूस सांगितलें. दोनशेंहून अधिक वर्षें, धर्मगुरु नसतांना, मरणाची शिक्षा डोक्यावर टांगलेली असतांना, त्या लोकांच्या पूर्वजांनीं बाप्तिस्मा व प्रार्थना बापाकडून मुलाकडे चालूं ठेविली होती. त्यांनीं मुलांच्या हातीं वाडी दिली नसेल, चांदी दिली नसेल. परंतु जी ठेव दिली ती चोराला चोरतां आली नाहीं, राजाला जप्त करतां आली नाहीं. ह्याला आम्ही समृद्धि म्हणतों.

आपल्या प्रांतांत गास येथील देवालय ह्या संताच्या नांवाचें आहे. वसईंतील महाविद्यालयासही त्यांचेंच नांव आहे. आणि १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हां त्याच्या मुळाशींही ह्या हुतात्म्याचें रक्त होतें, असें आम्ही मानतों. नांव देणें सोपें असतें. त्या नांवाला शोभेसें वागणें कठीण.

आमचें म्हणणें असें नव्हे कीं प्रत्येकानें घरदार सोडून साधु व्हावें. ज्यास संसार आहे, त्यानें संसार नेटका करावा. मुलांच्या शिक्षणास, आजारपणास, म्हातारपणास पैसा जमवावा. विधवेच्या दोन दमड्यांची किंमत प्रभूनें जाणली, कारण त्या तिच्या कष्टाच्या होत्या. परंतु जें आपल्या हातीं आहे त्याचे आपण मालक नसून कारभारी आहों, ही एक गोष्ट गोन्सालो ह्यांच्या चरित्रापासून आपण घ्यावी. कारभाऱ्यास एक दिवस हिशेब द्यावा लागतो, आणि त्या हिशेबांत जमेच्या बाजूस तेंच धरलें जातें जें दुसऱ्यास दिलें.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या ह्या वर्षीं आम्ही धर्मग्रामाकडे एकच देणगी मागतों. समितीची पावती तीस मिळणार नाहीं, आणि ह्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवरील देणगीदारांच्या यादींत ती छापली जाणार नाहीं. ज्या दोन भावांच्या दारांमध्यें वाडीच्या वांटणीची भिंत उभी आहे, त्यांपैकीं जो स्वतःस अधिक श्रीमंत समजतो, त्यानें महोत्सवाच्या मिस्सेआधीं त्या भिंतीपलीकडे जावें, भावाच्या घरची चहाची कपबशी हातीं घ्यावी, आणि त्याच्याबरोबर देवालयाची वाट चालावी. जमिनीचा तुकडा कोणाकडे राहिला, हें शंभर वर्षांनीं कोणी विचारणार नाहीं. हे दोघे एकत्र मिस्सेला आले, हें मात्र त्यांच्या नातवंडांस आठवेल.

संत गोन्सालो गार्सिया आपणां सर्वांसाठीं देवापाशीं विनंती करोत, आणि आपल्या ह्या धर्मग्रामाचा पुढील पन्नास वर्षांचा काळ त्या धनानें भरून जावो, अशी आमची प्रभुचरणीं प्रार्थना आहे.